नमुन्यासाठी भरलेला अर्ज

तो माणूस तिसऱ्या दिवशीही आला. पुन्हा त्याच बाकावर बसला, पुन्हा तिच्याकडे बघून वहीत काहीतरी लिहू लागला. तेव्हा मात्र खिडकी नंबर तीनमधल्या मुलीने टेबलाखाली हळूच पाय सरकवला आणि धोक्याची घंटा दाबली.

त्या घंटेचा आवाज बँकेत त्याआधी कुणी ऐकलाच नव्हता. तो इतका भयंकर निघाला की दोन नंबरच्या कॅशियरबाई खुर्चीसकट मागे सरकल्या, शिपाईमामा स्टुलावर चढले आणि एक गिऱ्हाईक बाई पिशवी छातीशी धरून टेबलाखाली गेल्या. दारावरचा रखवालदार अकरा वर्षं नुसतं दार उघडत आला होता. तो बंदूक सावरत धावला, लोकांच्या छत्र्यांनी ओल्या झालेल्या फरशीवर घसरला आणि नेमका त्या माणसाच्या अंगावर जाऊन पडला. त्यामुळे चोर पकडायचा वेगळा त्रास उरला नाही.

"हात वर!" रखवालदार त्याच्या अंगावरूनच ओरडला.

"करतो," खालून आवाज आला, "पण तुम्ही माझ्या हातावर बसला आहात."

मॅनेजरसाहेबांनी वही उचलली. पहिल्या पानावर बँकेचं दार होतं, आत येणारी माणसं, बाणांच्या खुणा. पुढे खिडक्या, त्यांची उंची, वाकलेल्या पाठी, कोपर, पेन धरलेली म्हातारी बोटं... आणि एका पानावर फक्त अक्षरं. साहेबांनी ती मोठ्याने वाचली.

"खिडकी तीन. अकरा ते बारा. जागेवरून उठून बाहेर आली – एकोणीस वेळा. हसली – चार वेळा."

तिचे कान तापले. "बघा साहेब! पाळत ठेवतोय माझ्यावर!"

"ठेवतोयच," तो उठून शर्ट झटकत म्हणाला. "त्याचेच पैसे मिळणार आहेत मला."

त्याने खिशातून मुख्य कचेरीचं पत्र काढलं. त्याची नक्कल पंधरा दिवसांपूर्वीच साहेबांच्या टेबलावर आली होती आणि तिथून खणात गेली होती. आता ती साहेबांना आठवली, आणि ते एकदम घशात काही अडकल्यासारखे खोकू लागले. तो डिझायनर होता. बँकेचे अर्ज, खिडक्या, पाट्या, सगळं नव्याने आखायला पाठवलेला.

"डिझायनर म्हणजे... कपड्यांचे ना?" कॅशियरबाईंनी विचारलं. त्या काळी तो शब्द सगळ्यांनाच नवा होता.

"नाही हो. तुम्ही ज्या गोष्टींवर रोज चिडता, त्यांच्यावर थोडं कमी चिडावं, एवढं बघणारा." मग तो तिच्या खिडकीपाशी आला. भिंगातून बघावं तसे डोळे होते त्याचे, कुतूहलाने भरलेले. "एक विचारू? ती घंटा कुठे बसवली आहे? तीन दिवस शोधतोय, सापडली नाही. फार उत्तम जागा निवडलीय कुणीतरी."

तिला रागवायचं होतं. पण शर्टावर रखवालदाराच्या बुटाचा पूर्ण ठसा घेऊन उभ्या असलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तिला हसू फुटलं.

त्याने लगेच वहीत काहीतरी खरडलं.

"काय लिहिलंत?"

"पाच," तो म्हणाला.

*

एकोणीस वेळा ती का उठत होती, हे त्याला खरोखरच हवं होतं.

"सही कुठे करायची ते लोकांना कळत नाही," ती म्हणाली. "अर्ज चार पानांचा. मी आतून बोट दाखवते, ते बाहेरून उलटं दिसतं. मग मी उठते, वळसा घालून बाहेर जाते आणि हात धरून दाखवते. झालं."

"रोज?"

"मग काय, एक दिवसाआड जाऊ?"

त्याने ते वहीत टिपलं. दुसऱ्या दिवशी तो हातात पेचकस घेऊन आला आणि बँकेच्या दाराची आतली मूठ काढून टाकली. बाहेर जाताना ते दार ढकलायचं होतं, पण मूठ दिसली की लोक ओढायचे. वर 'ढकला' अशी पाटी होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मुठीच्या जागी त्याने पितळेची सपाट पट्टी बसवली. त्या दिवसापासून एकही माणूस अडखळला नाही.

"एवढंच?" तिने विचारलं. तिला खरंच धक्का बसला होता. इतकी वर्षं ती लोकांना दाराशी झटताना बघत होती आणि मनात त्यांनाच वेंधळे म्हणत होती.

"एवढंच. दाराने स्वतः सांगायला हवं. पाटी लावावी लागली, म्हणजे दार चुकलं."

मग खिडकीखाली एक खुंटी आली. छत्री नाहीतर काठी अडकवायला, आणि खाली छत्रीचं पाणी ठिबकायला एक डबा. एका हातात काठी धरून दुसऱ्या हाताने सही करणारे म्हातारे आता दोन्ही हातांनी कागद धरू लागले. सगळे बदल असेच होते, वीतभराचे. पण तिची नजर कायमची बिघडून गेली. घरी शेगडीपुढे उभी राहिली की ती विचार करायची, चार कळा एका रांगेत आणि चुली चौकोनात, मग माणसाने ओळखायचं कसं? न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ कोणता, यावर पन्नास वर्षांची माणसं रोज हात का पोळून घेतात? साऱ्या जगाने आपल्याला फसवलं आणि वर वेडंही ठरवलं, असं वाटून ती उगीचच संतापायची. आणि दुसऱ्या दिवशी तो संताप कुणाला तरी सांगायची घाई असायची. कुणाला, ते सांगायला नको.

"एक सांगते," ती एकदा म्हणाली. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि खिडक्या बंद व्हायला दहा मिनिटं होती. "तुम्ही अर्ज कितीही सोपा करा. लोक वाचत नाहीत. शेजारच्याचं बघून लिहितात."

त्याने पेन्सिल कानावरून काढली. "पुन्हा म्हणा."

"लोक... वाचत नाहीत. बघून लिहितात."

"तीन नंबर," तो हळूच म्हणाला. तो तिला याच नावाने हाक मारायचा. "तुम्हाला इथे बसवून बँकेने मोठा घोटाळा केलाय. तुम्ही माझ्या शेजारच्या टेबलावर हव्या होत्या."

तिने शाईच्या पॅडचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं.

तिच्या त्या वाक्यावरून नमुना अर्ज निघाला. पूर्ण भरलेला एक मोठा अर्ज भिंतीवर लावायचा, म्हणजे लोक त्याकडे बघून आपला भरतील. नाव कुठे, पत्ता कुठे, आपल्या माघारी पैसे कुणाला द्यायचे ते कुठे. नॉमिनी म्हणतात ना, ते. आणि शेवटी सही कुठे.

कामाची पद्धत ठरली. तो कच्चा नमुना आणून तिच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. ती लाल पेन्सिलीने तपासायची, 'ठीक आहे' लिहून सही करायची आणि दुसऱ्या ट्रेमध्ये टाकायची. शिपाईमामा संध्याकाळी तो ट्रे उचलून, साहेबांची सही घेऊन मुख्य कचेरीत न्यायचे. तिथली सही झाली की कागद सरळ छापखान्यात. तपासायची तिची स्वतःची रीत होती. ती प्रत्येक चौकटीवर अंगठा ठेवून बघायची. अंगठ्याच्या बाहेर दोन बाजूंना जागा उरली, तर चौकट म्हाताऱ्या माणसाला पुरेल. चौकटींत नमुन्यादाखल जे लिहिलेलं असे, तिकडे ती बघत नसे. असंच काहीतरी खोटं नाव, खोटा पत्ता.

एक तारखेला, पेन्शनवाल्यांची रांग दाराबाहेर गेलेली असताना, तो आला. शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली.

"हा जरा... सावकाश बघा. घाई नाही."

"मी सगळंच सावकाश बघते."

"शेवटच्या आधीची चौकट. ती विशेष."

त्याने कागद ट्रेमध्ये ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि निघून गेला. दुपारी तिला दोन मिनिटं मिळाली. तिने अंगठा ठेवून चौकटी पाहिल्या. शेवटच्या आधीची, नॉमिनीच्या नात्याची, छान ऐसपैस होती. सहीची मात्र कमी पडत होती. तिने लिहिलं, 'ठीक आहे. सहीची जागा थोडी वाढवा.' आणि पुढच्या आजोबांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी तो बँक उघडायच्या आधीच पायरीवर उभा होता.

"बघितलंत?"

"बघितलं की."

"मग?"

"ठीक आहे. लिहूनच दिलंय."

"लगेच? म्हणजे... विचार नाही करायचा?"

"त्यात विचार कसला करायचा? फक्त ते सहीचं तेवढं—"

"वाढवतो! हवी तेवढी वाढवतो!" तो म्हणाला. आत येऊन कॅशियरबाईंना नमस्कार केला, रखवालदाराचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि बाहेर पडायला वळला. पितळी पट्टीच्या कडेत बोटं घालून तो ते दार ओढत राहिला. स्वतःचं दार.

"ढकला," ती म्हणाली. या माणसाला आज झालंय काय?

*

त्या रविवारी तो घरी आला. शेगडी बघायला, असं ती समजत होती.

तिचे वडील छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेली. त्यामुळे आता बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरही ते पेन्सिल हातात घेऊनच वाचत. आई दिवसभर घरात, तिचा कारभार चोख. दिवाणखान्यात विजेच्या सात बटणांचा फळा होता आणि पंख्याच्या बटणावर आईने नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला होता.

तो त्या ठिपक्यापुढे उभा राहिला. "हे कुणी केलं?"

"मी," आई ओशाळून म्हणाली. "अंधारात सापडत नाही हो. वेडेपणा आपला."

"वेडेपणा? मी हे शिकायला पाच वर्षं घालवली, आई."

आई! तिच्या हातातला कप बशीवर खणकन वाजला. काकू नाही, मावशी नाही, सरळ आई! वडिलांनी पुड्यावरून नजर वर केली.

"माझी ताई पुढच्या आठवड्यात तुम्हाला भेटायला येईन म्हणते," तो त्यांना म्हणाला. "मी उद्या तिच्याकडेच जातोय. आठ दिवस."

"येऊ दे की," वडील सभ्यपणे म्हणाले. त्याच्या ताईला आपल्या शेगडीत एवढा काय रस असावा, हे त्यांना काही कळलं नव्हतं.

तो गेल्यावर आई कितीतरी वेळ दाराकडे बघत राहिली. "पोरगा मला आई म्हणाला."

"सवय असेल त्याला," ती म्हणाली. पण आरशासमोरून जाताना तिने उगीचच थांबून केस नीट केले.

*

सोमवारी नमुना अर्ज छापून आला. आधी याच शाखेत आठ दिवस लावून बघायचा, मग बाकीच्या एकेचाळीस शाखांत. शिपाईमामांनी तो भिंतीवर ठोकला. पुरुषभर उंच, निळ्या चौकटी, टपोरी अक्षरं. साहेबांनी दोन पावलं मागे जाऊन "वा" म्हटलं. लोक त्याच्यासमोर उभे राहून भराभरा अर्ज लिहू लागले. खिडकी तीनमधली मुलगी सोमवारी दोनदाच उठली, मंगळवारी एकदाही नाही. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तो परत आला की सांगायचं, असं तिने मनात धरलं. तो परत यायला अजून किती दिवस, हेही बोटांवर मोजून झालं.

बुधवारी वडील पेन्शनला आले. ते रांगेत उभे राहिले नाहीत. नमुन्यासमोर उभे राहिले, खिशातून पेन्सिल काढली आणि वरपासून वाचायला लागले. अडीच दिवसांत तो वाचणारे ते पहिलेच. मग तिच्या खिडकीपाशी आले.

"बाळा, जरा बाहेर ये."

"बाबा, रांग आहे."

"असू दे. एकच विचारायचंय." त्यांनी पेन्सिलीने भिंतीकडे खूण केली. "तुझं लग्न कधी झालं?"

अख्ख्या बँकेत पेन थांबले.

ती बाहेर आली. आठवड्यात पहिल्यांदा तिने त्या भिंतीकडे नीट पाहिलं. अर्जदार म्हणून त्याचं पूर्ण नाव. त्याखाली नॉमिनी. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अगदी घराच्या पत्त्यासह. आणि पुढच्या चौकटीत, अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून, सुंदर टपोऱ्या अक्षरांत... 'नाते: पत्नी'.

तिने खिडकीखालची खुंटी धरली.

"अनुस्वार सगळे बरोबर आहेत," वडील पुटपुटले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले बिचारे.

पण खरा धक्का पुढेच होता. कॅशियरबाई धावत आल्या, हातात दोन दिवसांच्या अर्जांचा गठ्ठा. "अगं बाई... हे बघ तरी!" लोकांनी नमुन्याकडे बघून लिहिलं होतं. अगदी तंतोतंत. आपलं नाव त्यांनी आपलंच घातलं होतं, एवढी अक्कल सगळ्यांना होती. पण खालची चौकट म्हणजे बँकेचंच काहीतरी असणार, असं समजून तेवीस जणांनी नॉमिनी म्हणून तिचं नाव उतरवून काढलं होतं. त्यातल्या बावीस जणांनी नातं लिहिलं होतं पत्नी. त्यात सत्तरीच्या तीन आजीही होत्या.

"तेवीस जणांची बायको!" शिपाईमामांनी कपाळावर हात मारला.

हसण्यासारखंच होतं. पण साहेब हसत नव्हते. शुक्रवारी मुख्य कचेरीतून तपासनीसबाई येणार होत्या, आणि खिडकीवर बसणाऱ्या मुलीचं नाव तेवीस परक्या खात्यांवर सापडलं, तर त्याला बँकेच्या भाषेत गंमत म्हणत नाहीत. त्या पगारावर तिचं घर चालत होतं. वडिलांच्या पेन्शनमध्ये जेमतेम औषधं यायची.

*

तपासनीसबाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांचा आवाज कधीच चढत नसे. त्यामुळे लोक जास्त घाबरत. तार मिळताच निघालेला तो बसमधून उतरून बॅगेसकट केबिनमध्ये शिरला, तेव्हा ती साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

"ही नावं कुणी घातली?"

"मी," तो म्हणाला. "तो कागद छापायचा नव्हता. फक्त... यांनी बघून ठेवून घ्यायचा होता. छापायला दुसरा केला होता मी." आणि मग तिच्याकडे वळून अगदी लहान आवाजात, "पण तुम्ही ठीक आहे म्हणालात ना..."

"मी चौकटीला म्हटलं!" तिचा आवाज फुटला. "मी चौकट बघते! लिहिलेलं मी वाचतच नाही!"

त्याचा चेहरा असा पांढरा पडला की कॅशियरबाई दाराआडून पाणी घेऊन आल्या. आठ दिवस तो माणूस ज्या होकाराच्या जोरावर हवेत चालत होता, तो होकार एका चौकटीच्या लांबी-रुंदीला मिळालेला होता. ताईने तर साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

"म्हणजे या मुलीने तपासून सही केली," तपासनीसबाई म्हणाल्या. "माहीत असून केली तर लबाडी. न वाचता केली तर बेपर्वाई. नोकरीचा प्रश्न दोन्हींकडे येतो."

"त्यांनी बघितलाच नाही तो कागद," तो घाईघाईने म्हणाला. "मीच परस्पर ट्रेमध्ये टाकला. सगळा दोष माझा."

हो म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! पण चाळीस वर्षं चुका दाखवणाऱ्या माणसाची मुलगी ती.

"बघितला होता, मॅडम. सही माझीच आहे. वाचला मात्र नाही."

तपासनीसबाईंनी छापखान्यातून मागवलेला मूळ कागद उलगडला. तिची लाल पेन्सिल दिसली, 'ठीक आहे'. त्याखाली मॅनेजरसाहेबांची सही. साहेबांना पुन्हा खोकला आला. आणि सगळ्यांत खाली, मुख्य कचेरीची मंजुरी म्हणून आणखी एक सही होती, बारीक आणि सरळ. तपासनीसबाई त्या सहीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांचा खोकला एकदम थांबला.

"मीही वाचला नव्हता." त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तेवीस अर्ज दुरुस्त करून आणा. दोघांनी मिळून. नवा नमुना यांच्या खर्चाने. आणि यापुढे सगळ्यांनी वाचायचं... मी धरून."

*

बावीस जण निरोप मिळताच येऊन गेले. सगळे हसले, दोघा-तिघांनी तिला विचारलं, "मग, नमुन्यातल्या नवऱ्याचं काय ठरलं?" तिने कुणालाही उत्तर दिलं नाही. त्यालाही नाही. तो समोर बसून कागद जुळवायचा, ती शिक्के मारायची. शिक्का जरा जोरातच बसायचा.

"बोला तरी काहीतरी," तो एकदा म्हणाला. "हवं तर घंटा वाजवा."

"साऱ्या गावाला विचारलंत, कुणाला कुठे अडतं," ती म्हणाली. "दाराला विचारलंत, खुंटीला विचारलंत. मला विचारलं नाहीत. माझं नाव लिहून मोकळे झालात."

"मला बोलता येत नाही हो... मला कागदावर मांडता येतं तेवढंच."

"मग मांडणी चुकली तुमची."

त्याने मान खाली घातली. तिलाच कसंसं झालं.

तेविसावे आले नाहीत. ते घड्याळवाले आजोबा, गुडघ्यांनी दगा दिलेला. म्हणून दोघे त्यांच्या घरी गेले, तीन जिने चढून. एकच खोली, भिंतीवर नऊ घड्याळं, सगळी एका ठोक्यावर चालणारी. तिने त्यांचा अर्ज काढला आणि तेव्हा प्रथमच तिचं लक्ष गेलं. नॉमिनी म्हणून तिचं नाव होतंच, पण नात्याच्या चौकटीत आजोबांनी 'पत्नी' लिहिलं नव्हतं. थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खिडकी नंबर तीन'.

"आजोबा, तुमची चूक झाली का हो? भिंतीवरचं बघून..."

"छे. मला काय वाचता येत नाही?" आजोबा म्हणाले. "माझं म्हणावं असं कुणी राहिलं नाही. आणि तू सही दाखवायला उठून बाहेर येतेस. बाकीचे आतूनच ओरडतात. म्हटलं, ही बरी."

तिने त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं.

"तुला विचारायला हवं होतं, ते मला कळतं," आजोबा पुढे म्हणाले. "पण विचारल्याचं लिहायला त्या कागदात जागाच कुठे होती?"

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू त्याला आत्ता कुणीतरी थोबाडीत दिली होती.

बँकेत काम करणारीचं नाव घालता येत नाही, हे तिने आजोबांना समजावलं. त्यांनी उघड्या दारातून समोर पाहिलं. मग म्हणाले, समोरच्या घरातली सून रोज विचारपूस करते, दळण आणून देते. तिचं चालेल? तिने जाऊन त्या सुनेला बोलावलं. ओल्या हातांनी ती आली, दारातच थबकली.

"आजोबांना त्यांच्या माघारी तुमचं नाव लावायचं आहे," खिडकी तीनमधली मुलगी म्हणाली. "तुम्हाला चालेल का?"

सुनेचा ओला हात तोंडावर गेला. "मला?... मला विचारताय?" आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, आमच्या घरात... मला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं."

नऊ घड्याळं एकदम वाजली. त्याने वही काढली नाही. पहिल्यांदाच.

जिना उतरताना पाऊस भुरभुरत होता. छत्री एक, तीही तिची. तिने ती उघडली आणि त्याच्या बाजूला किंचित कलती धरली. त्याचा डावा खांदा भिजला, तिचा उजवा.

*

दहा दिवसांनी, टळटळीत दुपारी, त्याने नवा कच्चा नमुना तिच्या ट्रेमध्ये ठेवला. बटणं या वेळी बरोबर लागलेली होती.

"वाचायचा," तो म्हणाला.

तिने अंगठा ठेवला नाही. बोट ठेवलं. पहिल्या ओळीपासून, एकेक अक्षर, ओठांनी पुटपुटत. अर्जदार खोटा, पत्ता खोटा, नॉमिनी कुणी खोटीच बाई. मग एक नवी चौकट, जी आधीच्या कुठल्याच अर्जात नव्हती.

'वर ज्यांचे नाव लिहिले आहे, त्यांना विचारले आहे का?'

छापील अक्षरांत एवढंच. पुढच्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने, त्याच्या स्वतःच्या वाकड्यातिकड्या हस्ताक्षरात दोन शब्द होते.

'विचारतो आहे.'

त्याखाली 'त्यांची सही'. आणि सहीसाठी जागा... एवढी मोठी, की तिच्यात तिचा अख्खा तळहात मावला असता.

तिने वर पाहिलं. तो खिडकीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. रांगेतल्या आजी पुढे सरकेनात. कॅशियरबाईंची नोटांवरची बोटं थबकली होती.

"सहीची जागा फार झाली," ती म्हणाली.

"तुम्हीच... वाढवायला सांगितली होती."

लाल पेन्सिल तिच्या हातात होती. ती खाली ठेवून तिने पेन घेतलं. आधी लिहिलं, 'वाचलं.' मग जराशी थांबली, त्याच्याकडे न बघताच हसली, आणि पुढे लिहिलं, 'ठीक आहे.' आणि सही केली. पूर्ण नावाने, काठोकाठ.

एवढ्यात शिपाईमामांनी सवयीने हात पुढे केला आणि ट्रे उचलायला लागले.

"मामा, नको! हा छापायला नाही जायचा!" ती ताडकन उठली, कागद ओढून छातीशी धरला, आणि त्या गडबडीत तिचा पाय टेबलाखाली नेमका तिथेच पडला.

घंटा अशी काही वाजली की आजी खाली बसल्या आणि मामा स्टुलावर चढले. रखवालदार बंदूक घेऊन धावत आला. या वेळी घसरला मात्र नाही, कारण फरशीवर आता छत्र्यांचं पाणी नसायचं.

"हात वर!" तो त्याच्यावर ओरडला.

"करता येत नाहीत हो," खिडकीपाशी उभा असलेला माणूस म्हणाला.

खरंच येत नव्हते. दोन्ही तिने धरून ठेवले होते.